सव्वा इंच फीत

गड्डीगोदामच्या पुलाजवळ आमचं दुकान.
बोर्डावर 'मिलिटरी टेलर', त्यातला 'मि' केव्हाच उडालेला.
जानेवारीचा तिसरा आठवडा लागला
की कस्तुरचंद पार्कावर कवायतीच्या शिट्ट्या
आणि माझ्या काउंटरवर पदकं,
डब्यांतून, रुमालांतून,
एकदा तर तांदळाच्या कोठीतून निघालेली.

भिंतीवर वडिलांनी चिकटवलेला तक्ता आहे,
कोणतं आधी, कोणतं नंतर.
पद्मश्री वर. वीरचक्र काही ओळी सोडून खाली.
दोन्ही एकाच छातीवर आली तर घोळ नको, म्हणून.
बेचाळीस वर्षांत अशी छाती दुकानात आली नाही.

काल दोघी आल्या, एकाच बाकावर.

यमुनाबाई. वहीत नोंद करताना आडनाव विचारलं,
म्हणाली, निनावे. पेन जरासं थबकलं.
नवऱ्याचं वीरचक्र. अर्धी फीत गडद निळी, अर्धी भगवी,
दोन रंग भेटतात तिथे बोट ठेवून बसलेली.
"अकरा मिनिटं," म्हणाली. "कागदात लिवलं हाय.
संसार नऊ वर्साचा, अन् कागदात अकरा मिनिटं."

दुसरी जैवंताबाई कुमरे, देवलापारच्या पलीकडची.
सुईण. गुलाबी फीत, तिच्यात दोन पांढऱ्या रेषा.
नातवानं घराला पाटी लावली, नावाआधी 'पद्मश्री';
कोणी साहेब म्हणाला, हे नावाला जोडता येत नाही, पुसा.
पुसलं. आता तिथे चुन्याचा एक चौकोन आहे,
नावापेक्षा उजळ.
"पैसे बी नाई भेटत," ती हसली. "तुले भेटतात का वं?"
यमुनाबाईनं आकडा सांगितला, खाली मान घालून.

मग दोघी तक्त्याकडे बघत बसल्या.
वाचता एकीलाच येत होतं.
"हे वर कोनं ठेवलं?"
सरकारनं, मी म्हणालो.
"माह्या कागदात लिवलं हाय, शत्रूच्या समोर.
हिच्या समोर कोन होता?"
मी कात्री शोधू लागलो. ती हातातच होती.

जैवंताबाईला राग आला नाही.
"आडवं पोर होतं," म्हणाली, "अन् नदीले पूर.
कंदिलात घासलेट पन नोतं.
शत्रू कसा म्हनू, बाई? त्याले बाहेर काढाचं असते
अन् मंग पुसून मायच्या हाती द्याचं असते."

थोड्या वेळानं तिनंच विचारलं,
"तुहा नवरा झाला, तवा सुईन कोन होती?"

यमुनाबाईला ठाऊक नव्हतं.
सासूला ठाऊक होतं. सासू गेली.
मी मशीन चालूच ठेवली,
सुईत दोरा नव्हता तरी.

नियम असा: स्वतःचं पदक डावीकडे,
गेलेल्याचं घरच्यांनी लावलं तर उजवीकडे.
आतून अस्तराचा तुकडा देऊन
एकीची पिन पदराला लावली, दुसरीची उजव्या खांद्याखाली,
आणि दोघींना आरशासमोर उभं केलं.
आरशातल्या बाईचं वीरचक्र डावीकडे होतं.
यमुनाबाई बराच वेळ हलली नाही.
जैवंताबाई म्हणाली, वजन हाय याले, पदर घसरते.

फितीची रुंदी दोन्हींची सव्वा इंच.
हे मोजून सांगतो. त्यातून काही निघतं, असं म्हणत नाही.
शिलाई चाळीस-चाळीस. यमुनाबाईनं दोघींची दिली,
जैवंताबाईनं वीस परत केले,
बाकीचे मोडून देते म्हणाली, आणि विसरली.

बाहेर ऑटोवाला कोराडी नाक्यापर्यंत
दीडशे मागत होता.
त्या दोघी एका बाजूनं भांडत होत्या.